न्यूट्रॉनचा नेम

दिवाळी जवळ आली की सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. त्यातला एक ग्रॅम कापूस बाजूला काढला, तर त्यात दर मिनिटाला सरासरी सहा अणू किरणोत्सार करून आपले रूप बदलत असतात. हे अणू कार्बन-१४ चे. यात भिण्यासारखे काही नाही. तुरीच्या डाळीत, ज्वारीच्या भाकरीत आणि ती खाणाऱ्या माणसाच्या हाडामांसातही ते असतातच. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांच्या माऱ्याने वातावरणात उंचावर न्यूट्रॉन सुटे होतात. हवेत आपटत आपटत त्यांचा वेग कमी होतो आणि त्यांतला एखादा नायट्रोजनच्या अणुकेंद्रात शिरतो. मग एक प्रोटॉन बाहेर फेकला जातो आणि नायट्रोजनचा कार्बन-१४ होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने कपाशीच्या पानात येतो आणि तिथून बोंडात उतरतो.

न्यूट्रॉन नायट्रोजनच्या जवळून गेला की दर वेळी असे घडते का? अजिबात नाही. बहुतेक वेळा तो नुसता निघून जातो, किंवा आपटून दिशा बदलतो. मग किती वेळा घडते? या साध्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता आले, तरच हवेत कार्बन-१४ किती तयार होतो याचा हिशेब जमतो. हाच प्रश्न युरेनियम, थोरियम, लोखंड किंवा कोबाल्ट यांच्याबद्दल विचारला, की अणुभट्टीचा आराखडा, कर्करोगाच्या उपचारातले किरणोत्सारी स्रोत आणि उद्याच्या संमीलन भट्टीच्या भिंती, सगळे त्या उत्तरावर येऊन ठेपते.

भौतिकशास्त्रज्ञ हे उत्तर क्षेत्रफळाच्या भाषेत देतात. एक चौरस सेंटीमीटरची चौकट घ्या, तिच्यात एकच अणुकेंद्र ठेवा आणि चौकटीवर कुठेही पडतील असे न्यूट्रॉन सोडा. अभिक्रिया घडण्याची जी शक्यता असेल, तेवढे त्या अणुकेंद्राचे त्या अभिक्रियेपुरते क्षेत्रफळ मानायचे. मराठी पाठ्यपुस्तकात याला काटछेद म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे सर्रास क्रॉस सेक्शन म्हणतात. एकक बार्न. एका चौरस सेंटीमीटरचे एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक बार्न. संथ न्यूट्रॉन आणि नायट्रोजन-१४ यांच्यातल्या वरच्या अभिक्रियेचा काटछेद सुमारे १.८ बार्न आहे.

हे क्षेत्रफळ अणुकेंद्राच्या खऱ्या आकाराशी जुळेल अशी अपेक्षा असते, आणि गंमत इथेच सुरू होते. युरेनियमच्या अणुकेंद्राची त्रिज्या धरून भूमितीने काढलेले क्षेत्रफळ पावणेदोन बार्नच्या आसपास भरते. पण संथ न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ फुटण्याचा काटछेद आहे सुमारे ५८५ बार्न. त्याच न्यूट्रॉनला युरेनियम-२३८ ने गिळण्याचा काटछेद जेमतेम २.७ बार्न. दोन्ही एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक, रसायनशास्त्राला त्यांच्यात फरक करता येत नाही, आणि न्यूट्रॉनच्या लेखी मात्र जमीन-अस्मानाचा फरक. कारण संथ न्यूट्रॉन हा टोकदार बाण नसतो. क्वांटम नियमाप्रमाणे त्याची तरंगलांबी अणूएवढी, म्हणजे अणुकेंद्राच्या दहा हजार पटींहून मोठी पसरलेली असते. त्यात तो आत शिरल्यावर तयार होणाऱ्या नव्या अणुकेंद्राच्या एखाद्या ऊर्जापातळीशी त्याची ऊर्जा नेमकी जुळली, तर काटछेद एकदम उसळी घेतो. जुळली नाही तर कोसळतो. ऊर्जा जराशी बदलली तरी आकडा कित्येक पट वरखाली होतो. म्हणूनच एका अभिक्रियेचा काटछेद हा एक आकडा नसतो, ऊर्जेगणिक बदलणारा आलेख असतो.

हा आलेख ठाऊक नसला तर काय होते, हे सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डला दिसले. प्लुटोनियम बनवण्यासाठी उभारलेली तिथली पहिली मोठी अणुभट्टी २६ सप्टेंबरला सुरू झाली, शक्ती वाढवली गेली, आणि काही तासांत ती आपोआप मंदावू लागली. नियंत्रण दांडे बाहेर ओढत नेले तरी शक्ती घटतच गेली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भट्टी बंद पडली. काही तास गेले आणि ती पुन्हा पेटू शकू लागली. पुन्हा तेच झाले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर आणि एन्रिको फर्मी यांनी या चढउताराच्या वेळा पाहिल्या आणि गुन्हेगार शोधला. युरेनियम फुटताना आयोडीन-१३५ तयार होते, त्याचे साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ होते, आणि हे झेनॉन न्यूट्रॉन अक्षरशः अधाशासारखे गिळते. त्याचा संथ न्यूट्रॉनचा काटछेद साडेसव्वीस लाख बार्नच्या घरात आहे! भूमितीने त्याचे क्षेत्रफळ एक बार्नच्या थोडे वर भरते. झेनॉनचे स्वतःचे अर्धायुष्य नऊ तासांच्या आसपास असल्याने ते संपले की भट्टी परत जागी होई. भट्टी उभारणाऱ्या ड्यूपाँ कंपनीच्या अभियंत्यांनी मूळ आराखड्यातल्या १,५०० नळ्यांऐवजी सावधगिरीने २,००४ नळ्यांची जागा ठेवली होती. त्या जादा नळ्यांत युरेनियम भरून झेनॉनवर मात केली गेली. ती जागा नसती तर अब्जावधी न्यूट्रॉनांचा हिशेब कागदावर बरोबर आणि भट्टीत चूक ठरला असता.

याच हिशेबाचे एक शांत उदाहरण हैदराबादला आहे. निझामाच्या काळात सेलू-परभणीचा सगळा कारभार ज्या शहराशी जोडलेला होता, तिथे १९७१ पासून न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स आहे. भारतीय अणुभट्ट्यांतल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळपास खात नाही: फक्त ०.१८ बार्न. पण निसर्गात झिर्कोनियमबरोबर हाफ्नियम हटकून येते. दोघांचे रसायन जुळ्या भावांसारखे, आणि हाफ्नियमचा काटछेद शंभर बार्नच्या वर. म्हणून झिर्कॉनच्या वाळूतून धातू काढताना हाफ्नियम जवळजवळ पूर्ण वेगळे करणे हा त्या कारखान्याच्या कामाचा मोठा भाग आहे. दोन आकड्यांमधल्या फरकासाठी एवढा मोठा रासायनिक खटाटोप!

हे आकडे येतात कुठून? सगळेच काही मोठमोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतून येत नाहीत, आणि महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट इथे आहे. पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, भौतिकशास्त्र विभागात व्ही. एन. भोरासकर यांच्या गटाने १४ एमईव्ही ऊर्जेच्या न्यूट्रॉनांचा जनरेटर चालवला. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. संथ न्यूट्रॉनपेक्षा ही ऊर्जा कोट्यवधी पटींनी जास्त. या यंत्रात जड हायड्रोजनची केंद्रे, म्हणजे ड्यूटेरॉन, विजेच्या दाबाखाली वेगाने सोडून ट्रिटियम शोषलेल्या चकतीवर आदळवतात. दोघांचे संमीलन होऊन हीलियम आणि एक तगडा न्यूट्रॉन निघतो. यातून १७.६ एमईव्ही ऊर्जा सुटते आणि तिच्यातला मोठा वाटा, १४ एमईव्हीच्या आसपास, न्यूट्रॉन घेऊन जातो. संमीलन भट्टीच्या भिंतीला उद्या ज्या न्यूट्रॉनांचा मारा सोसायचा आहे, ते नेमके हेच. म्हणून या ऊर्जेवरची मापने फार मोलाची.

त्या गटाच्या २००८ आणि २००९ मधल्या शोधनिबंधांत मापने १३.७३ ते १४.७७ एमईव्ही या पट्ट्यात आहेत. यंत्र एकच आणि चकतीही एकच, तरी ऊर्जा वेगवेगळी कशी मिळवली? यातली युक्ती सुंदर आहे. ड्यूटेरॉन पुढच्या दिशेने धावत आलेला असतो, त्यामुळे पुढे उडालेल्या न्यूट्रॉनला थोडा जादा वेग मिळतो आणि मागे उडालेल्याला थोडा कमी. चकतीभोवती वेगवेगळ्या कोनांवर नमुने ठेवले की प्रत्येक नमुन्यावर वेगळ्या ऊर्जेचे न्यूट्रॉन पडतात. कोन बदलला की ऊर्जा बदलली. महागडे यंत्र नसताना केलेले हे काम वाचताना त्या माणसांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. याच विभागातले आणि या निबंधांचे एक लेखक संजय ढोले मराठी वाचकांना विज्ञानकथाकार म्हणूनही परिचित आहेत.

प्रत्यक्ष मोजणी कशी होते, ते लोखंडावर पाहू. एक ग्रॅम लोखंडात साधारण एकावर बावीस शून्ये इतके अणू असतात आणि त्यातले बहुतेक लोखंड-५६ चे. वेगवान न्यूट्रॉन आत शिरला आणि प्रोटॉन बाहेर पडला तर मँगनीज-५६ तयार होते. सुमारे १४.७ एमईव्हीला याचा काटछेद ०.११ बार्नच्या आसपास आहे. सगळ्या अणुकेंद्रांची क्षेत्रफळे मिळवली तर एका चौरस सेंटीमीटरचा हजारावा भाग होतो. समजा, दर चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन पडत आहेत. मग सेकंदाला साधारण अकराशे मँगनीज-५६ तयार होतील. पण ते तयार होताहोता विरूही लागतात. त्यांचे अर्धायुष्य २.५८ तास. तासभर मारा केला तर शेवटी सेकंदाला सुमारे २६० अणू विरत असतात, आणि जवळपास प्रत्येक जण ८४७ केईव्हीचा, म्हणजे ८४७ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा, गॅमा किरण सोडतो. तेवढ्याच ऊर्जेचा गॅमा किरण म्हणजे मँगनीज-५६ ची सहीच. नमुना उचलून जर्मेनियमच्या शोधकासमोर ठेवायचा. शोधक शंभरातले दोनच किरण टिपत असेल, तर सेकंदाला पाच नोंदी मिळतात. त्या नोंदींवरून उलटा हिशेब करत काटछेदापर्यंत यायचे.

उलट्या हिशेबातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे न्यूट्रॉन किती पडले हे. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो थेट मोजणे कठीण, आणि यंत्राचा जोर मिनिटामिनिटाला वरखाली होतो. म्हणून नमुन्याला लागूनच ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची पातळ चकती ठेवतात. या धातूंमधल्या काही अभिक्रियांचे काटछेद जगभर अनेकदा, अनेक पद्धतींनी मोजून पक्के झालेले आहेत. दोन्ही चकत्यांवर तेच न्यूट्रॉन पडले, तर माहीत असलेल्या अभिक्रियेच्या आधाराने माहीत नसलेली मोजता येते. त्यानंतर दुरुस्त्यांची रांग लागते: खोलीच्या भिंतींवरून परतलेले न्यूट्रॉन, नमुन्यातच अडकलेले गॅमा किरण, नमुना उचलून शोधकापर्यंत नेण्यात गेलेले सेकंद. शेवटी आकड्यापुढे अधिक-उणेची चूक लिहावी लागते, आणि चांगला प्रयोगकर्ता ती चूक लपवत नाही. किंबहुना ती कशी काढली, यावरच त्याची पत ठरते.

सेकंद किती महागात पडतात, हे पुण्याच्या गटाच्या एका निबंधात दिसते. तिथे विषय होता जर्मेनियम-७५. हे एकच केंद्र तीन वाटांनी तयार करता येते: जर्मेनियम-७६ मधून एक न्यूट्रॉन शिरून दोन बाहेर पडले तर, अर्सेनिक-७५ मधून प्रोटॉन बाहेर पडला तर, आणि सेलेनियम-७८ मधून आल्फा कण बाहेर पडला तर. शिवाय तयार झालेले जर्मेनियम-७५ दोन रूपांत असते. एक शांत, मूळ अवस्थेतले, ८३ मिनिटांच्या अर्धायुष्याचे. दुसरे थोडे चेतलेले, आयसोमर, ज्याचे अर्धायुष्य फक्त ४८ सेकंद. चेतलेले रूप १४० केईव्हीचा गॅमा किरण सोडून शांत रूपात येते. म्हणजे उशीर झाला की आयसोमर नाहीसा होतो आणि वर दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. दोन्ही वेगळे मोजायचे तर घाई हवी आणि हिशेब चोख हवा. एवढा खटाटोप का? अभिक्रियेनंतर अणुकेंद्र किती गरगरत होते, याची खूण त्या दोन रूपांच्या प्रमाणात उरते. ही खूण सिद्धान्ताची खरी परीक्षा घेते.

मोजणी एका चिंचोळ्या पट्ट्यातच होते. त्या पट्ट्याच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे गणिताने काढावे लागतात. या गणिताचा पाया १९३६ मध्ये नील्स बोर यांनी घातला. उथळ बशीत बऱ्याच गोळ्या ठेवल्या आहेत आणि बाहेरून एक गोळी घरंगळत आत आली, तर ती दोनचार गोळ्यांना धडकते, ऊर्जा सगळ्यांत वाटली जाते आणि कुणालाच काठ ओलांडून जाता येत नाही. बऱ्याच वेळाने योगायोगाने एखाद्या गोळीकडे पुरेशी ऊर्जा जमते आणि तीच बाहेर पडते. बोर यांच्या मते न्यूट्रॉन शिरल्यावर अणुकेंद्रात असेच होते. आत कोण आले हे विसरले जाते, आणि बाहेर काय पडेल हे केवळ शक्यतांवर ठरते. १९५२ मध्ये वॉल्टर हाउझर आणि हर्मन फेशबाख यांनी याला काटेकोर सूत्र दिले: न्यूट्रॉन, प्रोटॉन, आल्फा, गॅमा, प्रत्येक वाटेची शक्यता काढायची आणि फिरण्याचा जोर, म्हणजे कोनीय संवेग, सांभाळून एकूण काटछेद त्यांच्यात वाटायचा. १४ एमईव्हीला मात्र सगळेच न्यूट्रॉन इतके थांबत नाहीत. काही जण ऊर्जा पुरती वाटली जाण्याआधीच कुणालातरी बाहेर काढतात. तो हिशेब वेगळा धरावा लागतो.

आज हे काम टॅलिस आणि एम्पायर यांसारख्या संगणक प्रणाली करतात. पुण्याच्या गटाने आपल्या मापनांबरोबर अशीच गणना करून अभिक्रिया सुरू होते तिथपासून २० एमईव्हीपर्यंतचा आलेख काढला. बटण दाबले आणि आलेख निघाला, असे होत नाही. उंच ऊर्जेवर अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या किती दाटीने असतात, याचे प्रारूप निवडावे लागते. त्याची निवड बदलली तर आलेख वर जातो किंवा खाली येतो. तेव्हा मोजलेले ते मोजके बिंदूच आलेखाला जागेवर धरून ठेवतात. बिंदू नसतील तर गणितातून हवा तसा आलेख काढता येतो; गणित नसेल तर बिंदू एकटे पडतात.

अशी सगळी मापने व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने चालणाऱ्या एक्सफोर या कोठारात जातात, आणि जगातल्या कुणालाही ती मोफत पाहता येतात. भारतात या कामासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एस. गणेशन यांनी फार कष्ट घेतले. विद्यापीठांत कार्यशाळा झाल्या, आणि शिक्षक-विद्यार्थी भारतीय निबंध वाचून त्यातली आकडेवारी ठरावीक साच्यात उतरवायला शिकले. या कामाला न्यूट्रॉनचे यंत्रही लागत नाही. संगणक, चिकाटी आणि एमएस्सीपुरते अणुकेंद्रीय भौतिकशास्त्र पुरते. परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्यातल्या विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातले हे काम आहे. असे काम त्यांच्यापर्यंत पोचायला हवे.

काही काटछेद मात्र नमुना ठेवून मोजताच येत नाहीत, आणि त्यातला एक भारताच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. भारताकडे युरेनियम थोडे आणि थोरियम मुबलक. थोरियम-२३२ स्वतः संथ न्यूट्रॉनने फुटत नाही. तो न्यूट्रॉन गिळतो, काटछेद ७.४ बार्न, आणि दोन पायऱ्यांनी युरेनियम-२३३ होतो, जो उत्तम फुटतो. मधली पायरी प्रोटॅक्टिनियम-२३३ ची. तिचे अर्धायुष्य २७ दिवस. इतका काळ ती भट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात पडून असते. त्या काळात तिने न्यूट्रॉन गिळला तर होणारा युरेनियम-२३३ गेला आणि न्यूट्रॉनही गेला. थोरियमच्या कोणत्याही भट्टीचा हिशेब मांडताना प्रोटॅक्टिनियम काय करील, हे ठाऊक असणे भाग आहे. पण इतक्या प्रखर किरणोत्सारी आणि झपाट्याने बदलणाऱ्या पदार्थाची चकती करून तिच्यावर न्यूट्रॉन सोडायचे कसे?

सेलूहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलेली माणसे सकाळी ज्या मुंबईत उतरतात, तिच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन हा कणवेगवर्धक आहे; भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था तो मिळून चालवतात. तिथे बी. के. नायक, आलोक सक्सेना आणि सहकाऱ्यांनी आडवाट काढली, तिचा निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोटॅक्टिनियम-२३३ मध्ये न्यूट्रॉन शिरला तर बनते चेतलेले प्रोटॅक्टिनियम-२३४. मग तेच केंद्र दुसऱ्या वाटेने बनवायचे! थोरियम-२३२ च्या पातळ चकतीवर लिथियम-६ चा झोत सोडला. कधीकधी लिथियममधला आल्फा कण सुटून बाहेर उडतो आणि उरलेला ड्यूटेरॉन थोरियमला चिकटतो, बनते प्रोटॅक्टिनियम-२३४. कधी ड्यूटेरॉन सुटतो आणि आल्फा चिकटतो. बनते युरेनियम-२३६, म्हणजे युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन शिरल्यावर बनते तेच. बाहेर उडालेला कण टिपला, त्याच वेळी केंद्र फुटले का हे पाहिले, आणि दोन्हींच्या फुटण्याचे गुणोत्तर काढले. युरेनियम-२३५ चा आकडा जगाने पक्का मोजलेला आहे. त्याला गुणोत्तर लावून ११.५ ते १६.५ एमईव्हीच्या न्यूट्रॉनांसाठी प्रोटॅक्टिनियम-२३३ फुटण्याचा काटछेद हाती आला. न्यूट्रॉन न वापरता न्यूट्रॉनचा काटछेद!

या वाटेला मर्यादा आहे आणि ती बोर यांच्या त्याच गृहीतकात दडली आहे. आत कोण आले हे केंद्र विसरते, असे आपण धरतो. पण लिथियमच्या धक्क्याने बनलेले केंद्र न्यूट्रॉनने बनलेल्यापेक्षा जास्त जोराने फिरत असते. उंच ऊर्जेवर फुटण्याच्या अभिक्रियेला या फरकाचे फारसे पडत नाही. न्यूट्रॉन गिळून गॅमा सोडण्याच्या अभिक्रियेला मात्र पडते, आणि बरेच पडते. तिथे ही पद्धत सरळ लावली तर आकडा वाजवीपेक्षा मोठा निघतो. म्हणून त्या अभिक्रियेसाठी आधी बनलेली केंद्रे किती जोराने फिरत होती हे गणिताने काढावे लागते, मग मापनाला ती दुरुस्ती लावावी लागते. कोणत्या केंद्रासाठी किती दुरुस्ती, यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे.